दगडावरची नावं



मी चाकणच्या बाजूला पेपर मिलमध्ये काम करतो. रद्दीचे गठ्ठे टाकीत टाकायचे, पाण्यात घुसळून लगदा करायचा. वह्या, पोथ्या, शाळेचे दाखले, सगळं एकाच टाकीत जातं. म्हणून कागदावरच्या इतिहासावर माझा भरवसा जरा कमीच.

गेटात कोनशिला आहे. तिच्यावर उद्घाटन करणाऱ्या साहेबाचं नाव आहे, पाया खणणाऱ्याचं न्हाई. दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकाचा हात रोलरमध्ये गेला. ठेकेदाराच्या हजेरीबुकात त्याचं नावच नव्हतं. मग भरपाई कसली? असा माणूस इथं कामाला नव्हताच, म्हणाले. नाव नसलं की माणूसच नसतो, हे मी तिथं शिकलो.

हे डोक्यात घेऊन एका सुट्टीला एकटाच कोरेगाव भीमाला गेलो. चाकणवरनं शिक्रापूर, तिथनं पुण्याच्या अंगाला वळलं की नदी ओलांडून पेरण्याच्या हद्दीत जयस्तंभ. आपण १ जानेवारीला गर्दीत जातो, मानवंदना देतो, परत फिरतो. त्यावरची नावं किती जणांनी वाचलीत?

लढाई १ जानेवारी १८१८ ची. शिरूरहून रातोरात चालत आलेली कंपनीची आठशेच्या आसपास माणसं, कॅप्टन स्टॉन्टन त्यांचा म्होरक्या. समोर दुसऱ्या बाजीरावाची कितीतरी मोठी फौज. कंपनीचे शिपाई दिवसभर अन्नपाण्याविना लढले. २६ मार्च १८२१ ला स्तंभाची पायाभरणी झाली. पडलेल्यांची ४९ नावं त्यावर कोरली. त्यातली २२ नावं शेवटी 'नाक' लागलेली, म्हंजे महार शिपायांची. बाकीचे दुसऱ्या जातीधर्मांचे. हे लपवायचं कारण न्हाई. खरं सांगूनही आपली मान ताठच राहते. ज्या पेशवाईत आपल्या सावलीचा विटाळ होत होता, तिच्याशी लढताना पडलेल्यांची नावं इथं साहेबाच्या बरोबरीनं दगडावर आहेत.

पण दगडावर भुलू नका. तो कंपनीनं स्वतःच्या विजयासाठी उभारला. पुढं १८९२ च्या सुमारास त्याच इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली. आज्याचं नाव स्तंभावर आणि नातवाला छावणीचं फाटक बंद! लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर अर्ज लिहीत राहिले. दगड काही बोलला नाही.

मग तो आपला कधी झाला? १ जानेवारी १९२७ ला, बाबासाहेब तिथं गेले तेव्हा. आणि ते तिथं थांबले नाहीत. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडचं चवदार तळं, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन. स्तंभ ही निघायची जागा आहे, हे त्यांनी एका वर्षात दाखवून दिलं. २०१८ ला लढाईची दोनशे वर्षं भरली, त्या दिवशी तिथं आलेल्या लोकांवर दगडफेक झाली. जुना दगड अजून कुणाला बोचतोय, ते त्यावरनं समजा.

दुसरी खूण तर आपल्या दारात आहे, पिंपरी-चिंचवडला लागून, देहूरोडला. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती तिथल्या विहारात बसवली. मनुस्मृती जाळल्याला त्या दिवशी बरोबर २७ वर्षं झाली होती. नागपूरच्या दीक्षेला अजून जवळपास २२ महिने होते. ही खूण कुठल्या कंपनीनं उभारली न्हाई, आपल्या माणसांनी उभारली. लोणावळा लोकल देहूरोडला थांबते. आपली कितीक पोरं तिथं रोज चढतात-उतरतात, पण विहाराची तारीख विचारली तर गप्प!

त्या दिवशी दहा वर्षांचं असलेलं पोर आज ऐंशीच्या वर आहे. अशा म्हाताऱ्यांच्या उंबऱ्यावर जाऊन बसा. मांडव कुणी घातला, पाणी कुणी भरलं, विचारा. नावं लिहून घ्या. ही माणसं गेल्यावर कुठला दगड सांगणार हाय?

मी वही केलीय. तिच्या पहिल्या पानावर, हात गेला त्या दोस्ताचं नाव, गाव आणि तारीख लिहिलीय. हजेरीबुकात नव्हतं, इथं आहे. ही वही मी टाकीत जाऊ देणार न्हाई.

जय भीम.