व्हेसुव्हियस : स्वतःच्याच राखेतून उभा राहिलेला डोंगर

इ.स.पू. ७३. रोमन सैन्याने कोंडलेला स्पार्टाकस साथीदारांसह व्हेसुव्हियसच्या माथ्यावर अडकला होता. प्लुटार्क सांगतो की, रानद्राक्षांच्या वेलींच्या शिड्या करून ते कड्यावरून उतरले आणि बेसावध रोमनांवर तुटून पडले. या कथेतील वेलींकडे लक्ष द्या. ज्याच्या अंगावर द्राक्षे डोलतात, तो आगीचा डोंगर असेल अशी शंका कोणाला येणार?

एकाला आली होती. भूगोलकार स्ट्रेबोने माथ्यावरील जळक्या, सच्छिद्र दगडांवरून तर्क केला की येथे पूर्वी आग असावी आणि इंधन संपल्यामुळे ती विझली असावी. तर्काचा पूर्वार्ध अचूक होता. उत्तरार्ध इ.स. ७९ मध्ये खोटा ठरला.

असा डोंगर वाढतो तरी कसा? आपला सह्याद्रीही थरांचाच, पण त्याची जात निराळी. तेथे पातळ बेसाल्टी लाव्हा भेगांतून दूरवर पसरला. त्याचे पठार झाले, सुळका नव्हे. व्हेसुव्हियसचा शिलारस दाट. त्यात कोंडलेले वायू स्फोटाने बाहेर पडतात तेव्हा राख आणि हलके, सच्छिद्र दगड उधळून मुखाभोवती साचतात. पुढे कधीतरी लाव्हा वाहतो आणि त्या भुसभुशीत ढिगावर कठीण कवच चढवतो. पुन्हा राख, पुन्हा लाव्हा. अशा डोंगराला मिश्र ज्वालामुखी म्हणतात.

मात्र ही वाढ सरळ नसते. मोठ्या उद्रेकात पोट रिकामे झाले की माथाच आत कोसळतो. व्हेसुव्हियसभोवती आज जी सोम्मा नावाची अर्धवर्तुळाकार भिंत दिसते, ती अशाच कोसळलेल्या जुन्या डोंगराची कड आहे. आजचा शंकू तिच्या कुशीत उगवला, तोही बहुतांशी ७९ नंतर. म्हणजे पॉम्पेईच्या नागरिकांनी पाहिलेला डोंगर आपण पाहत नाही!

त्या वर्षी पॉम्पेईवर आधी तासन्‌तास दगडांचा वर्षाव झाला आणि मग तप्त वायू व राखेचे लोट धावून आले. हर्क्युलेनियम तर सुमारे २० मीटर खोल गाडले गेले. धाकट्या प्लिनीने दुरून पाहिलेला तो ढग त्याला पाइन वृक्षासारखा भासला. त्याचा मामा, थोरला प्लिनी, मदतीला म्हणून जहाजे घेऊन गेला आणि परतला नाही.

शतके लोटली, उतार पुन्हा हिरवे झाले. १६ डिसेंबर १६३१ रोजी डोंगर पुन्हा फुटला. हजारो माणसे दगावली, शिखराचा मोठा भाग नाहीसा झाला. त्यानंतर १९४४ पर्यंत लहानमोठे उद्रेक होत राहिले आणि शंकू पुन्हा चढत गेला. मार्च १९४४ च्या राखेने जवळच्या तळावरील दोस्त राष्ट्रांची अनेक बॉम्बफेकी विमाने निकामी केली. सान सेबास्तियानो गावावर लाव्हा चालून गेला.

तेव्हापासून डोंगर शांत आहे. उंची सुमारे १,२८१ मीटर. सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात सुमारे ७ लाख लोक राहतात, आणि उतारांवर द्राक्षमळे आजही आहेत.