आजीची पेटी, आमची परसबाग
मैत्रिणींनो, आजीची सागवानी पेटी आम्ही माळ्यावरून उतरवली, पुसली, तेलाचा हात दिला आणि ओसरीवर मांडली. आता तिच्यात राखेत घोळवलेलं दोडक्या-भोपळ्याचं बी असतं. पेटी लग्नात आलेली, आजीचं स्त्रीधन. घरामागची माती मात्र तिच्या नावावर नव्हती.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बाईला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालकीण केलं. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ मध्ये आला, देशभर २००५ मध्ये.

यंदा सांडपाण्यावर आमची पहिली परसबाग उभी राहिली: अळू, मिरची, दोडक्याचा वेल. आता ग्रामपंचायतीतून नमुना आठचा उतारा काढणार आहोत. घरावर आपलं नाव आहे का, तुम्हीही बघा.