मावळंकर, गणेश वासुदेव

(२७ नोव्हेंबर १८८८–२७ फेब्रुवारी १९५६). लोकसभेचे पहिले सभापती, अहमदाबादचे नामांकित वकील आणि गुजरातमधील काँग्रेसचे कार्यकर्ते. ‘दादासाहेब’ या नावाने परिचित. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वरजवळच्या मावळंगे गावचे. आडनाव त्यावरूनच आले. हिंदी कागदपत्रांत ते ‘मावलंकर’ असे लिहिलेले आढळते. जन्म बडोदे येथे. सुरुवातीचे शिक्षण राजापूर व मुंबई इलाख्यातील अन्य ठिकाणी. १९०२ मध्ये ते अहमदाबादला आले आणि पुढे तेच त्यांचे गाव झाले. तेथील गुजरात कॉलेजातून १९०८ मध्ये बी.ए.; काही काळ दक्षिणा फेलो; १९१२ मध्ये मुंबई विद्यापीठाची कायद्याची पदवी प्रथम वर्गात. १९१३ पासून अहमदाबादेत वकिली.

सार्वजनिक कामाची सुरुवात गुजरात सभेच्या चिटणीसपदापासून झाली. खेडा सत्याग्रहाच्या काळात त्यांचा गांधीजी व वल्लभभाई पटेल यांच्याशी निकटचा संबंध आला. वल्लभभाई हेही अहमदाबादच्याच न्यायालयांत वकिली करणारे, त्यामुळे ओळख नवी नव्हती. असहकाराच्या चळवळीत त्यांनी गुजरात प्रांतिक काँग्रेसचे चिटणीसपद सांभाळले. १९१९ पासून सुमारे अठरा वर्षे ते अहमदाबाद नगरपालिकेचे सभासद होते. १९३० ते १९३३ व पुन्हा १९३५-३६ मध्ये नगराध्यक्ष. कस्तुरभाई लालभाई आदींबरोबर १९३५ मध्ये अहमदाबाद एज्युकेशन सोसायटी स्थापन करण्यात त्यांचा वाटा होता. १९३० नंतरच्या लढ्यांत त्यांना वारंवार तुरुंगवास घडला.

त्यांच्या आयुष्यातील महत्त्वाचा भाग १९३७ नंतरचा. प्रांतिक निवडणुकीत अहमदाबादेतून निवडून आल्यावर मुंबई विधानसभेचे सभापतिपद त्यांच्याकडे आले व १९४६ पर्यंत राहिले. बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ १९३९ च्या अखेरीस पायउतार झाल्यानंतर मुंबईची सभा व्यवहारतः थंडावली होती. सभागृह चालवण्याचा प्रत्यक्ष अनुभव म्हणून पाहिले तर ही अवघी दोन-सव्वादोन वर्षे. दिल्लीत मात्र हीच शिदोरी उपयोगी पडली.

जानेवारी १९४६ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळाच्या अध्यक्षपदासाठी काँग्रेसने त्यांना उभे केले. प्रतिस्पर्धी सर कावसजी जहांगीर. सरकार पक्ष व मुस्लिम लीग यांचा ओढा कावसजींकडे होता, त्यामुळे मावळंकर पडतील असाच अनेकांचा होरा होता. ते ६६ विरुद्ध ६३ मतांनी निवडून आले. या पदाला त्या वेळी ‘प्रेसिडेंट’ म्हणत. फ्रेडरिक व्हाइट, विठ्ठलभाई पटेल, इब्राहिम रहिमतुल्ला, षण्मुखम चेट्टी अशी नावे या खुर्चीवर होऊन गेली होती. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री ते कायदेमंडळच संपुष्टात आले आणि त्याबरोबर पदही.

पुढच्या तीन महिन्यांतील एक घटना चरित्रकारांकडून सहसा निसटते. घटना समितीने राज्यघटना तयार करायची आणि देशासाठी कायदेही करायचे, अशी दुहेरी जबाबदारी तिच्यावर आली होती. दोन्ही कामे एकाच बैठकीत, एकाच अध्यक्षाखाली चालावीत की अलग करावीत, याचा विचार करण्यासाठी मावळंकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने कामे अलग करण्याची शिफारस केली. त्यानुसार घटनेच्या चर्चेच्या वेळी राजेंद्रप्रसाद अध्यक्षस्थानी बसू लागले, तर कायदे करणाऱ्या बैठकीसाठी १७ नोव्हेंबर १९४७ रोजी मावळंकरांची निवड झाली. इथून ‘स्पीकर’ हे नाव रूढ झाले. मराठीत त्याला ‘सभापती’ म्हणावे की ‘अध्यक्ष’, हा घोळ अजून मिटलेला नाही. प्रस्तुत नोंदीत जुन्या वहिवाटीप्रमाणे ‘सभापती’ वापरले आहे. २६ जानेवारी १९५० पासून पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतरचे सभागृह येईपर्यंत तेच हंगामी संसदेचे सभापती होते.

१९५२ च्या निवडणुकीत ते अहमदाबादेतून लोकसभेवर गेले. १५ मे १९५२ रोजी सभापतिपदासाठी त्यांचे नाव पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी मांडले. विरोधी पक्षांनी शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव शांताराम मोरे यांना उभे केले. मोरे सोलापूरचे खासदार. पहिल्या लोकसभेच्या सभापतिपदाची लढत अशी दोन मराठी माणसांत झाली, त्यांतला एक गुजरातचा प्रतिनिधी. ३९४ विरुद्ध ५५ मतांनी मावळंकर विजयी झाले. विजयाबद्दल शंका नव्हतीच. सभापती एकमताने निवडावा हा ब्रिटिश संकेत आपल्याकडे आपोआप येणार नाही, एवढे त्या ५५ मतांनी दाखवून दिले.

सभापती आणि पक्ष यांच्या संबंधाबद्दल मावळंकरांची भूमिका स्पष्ट होती. इंग्लंडात सभापती झालेला माणूस पक्ष सोडतो. त्या बदल्यात पुढच्या निवडणुकीत त्याच्याविरुद्ध सहसा कोणी उभे राहत नाही. भारतात दुसरी अट पाळली जात नसेल, तर पहिलीची अपेक्षा सभापतीकडून करणे योग्य नाही, असे ते म्हणत. त्यांनी काँग्रेसचे सभासदत्व सोडले नाही. पक्षाच्या चर्चांपासून व वादविषयांपासून मात्र स्वतःला दूर ठेवले. सभापतीचा मतदारसंघ बिनविरोध सोडावा, हा विषय पीठासीन अधिकाऱ्यांच्या परिषदांतही निघाला. राजकीय पक्षांनी तो मनावर घेतला नाही, आणि मावळंकरांनी सांगितलेला मधला मार्ग पुढच्या बहुतेक सभापतींनी स्वीकारला. काहींनी त्यातला फक्त सोयीचा अर्धा भाग घेतला.

सभागृहाच्या कार्यपद्धतीतील त्यांच्या कामाला या नोंदीत अधिक जागा देणे भाग आहे. ब्रिटिश अमदानीत तहकुबी सूचना हे बिनसरकारी सभासदांचे मुख्य हत्यार होते. सरकार सभागृहाला जबाबदार नव्हते, त्याला पाडता येत नव्हते, तेव्हा कामकाज तहकूब करण्याच्या निमित्ताने त्याची निंदा करणे एवढेच हाती होते. स्वातंत्र्यानंतरही सभासद त्याच सवयीने रोज तहकुबी सूचना देत. १९५० मध्ये मावळंकरांनी सांगितले की परिस्थिती बदलली आहे. आता मंत्रिमंडळ सभागृहाला जबाबदार आहे, प्रश्न विचारण्याची व चर्चेची इतर साधने आहेत, म्हणून तहकुबी सूचना हे विरळा व गंभीर प्रसंगीच वापरायचे साधन होय. विरोधकांना हे रुचले नाही. आपल्या सूचना सभापती सर्रास नाकारतात, ही त्यांची कायमची तक्रार झाली, आणि तीत तथ्य नव्हते असे म्हणता येत नाही.

पण एक दार बंद करताना त्यांनी दुसरी उघडली, हेही नोंदवले पाहिजे. १९५३ पासून अल्पकालीन चर्चेची प्रथा सुरू झाली. १९५४ मध्ये लक्षवेधी सूचना नियमावलीत आली. ही पद्धत भारतीय संसदेची स्वतःची. ब्रिटिश नियमावलीतून उचललेली नव्हे. तातडीच्या सार्वजनिक प्रश्नाकडे मंत्र्याचे लक्ष वेधायचे, मंत्र्याने निवेदन करायचे, निंदेचा भाग त्यात नाही. महाराष्ट्र विधिमंडळाच्या बातम्यांत वाचकांना रोज भेटणारी ‘लक्षवेधी’ ती हीच.

समित्यांची रचना हे दुसरे मोठे काम. लोकलेखा समिती १९२१ पासून होती, पण तिचे अध्यक्षपद अर्थखात्याच्या प्रमुखाकडेच असे; म्हणजे ज्याचे हिशेब तपासायचे तोच तपासनीस. राज्यघटना लागू झाल्यावर ती सभापतीच्या नियंत्रणाखाली आली. एप्रिल १९५० मध्ये अंदाज समिती स्थापन झाली. १९५२ मध्ये कामकाज सल्लागार समिती आली, त्यामुळे कोणत्या विधेयकाला किती तास द्यायचे हे सरकारने एकट्याने ठरवणे थांबले. १९५३ च्या अखेरीस सरकारी आश्वासनांची समिती आणि उपविधान समिती या दोन्ही अस्तित्वात आल्या. आश्वासन समितीची कल्पना साधी होती: मंत्री सभागृहात ‘माहिती गोळा करत आहोत’, ‘विचार करू’ असे म्हणून बसतात, त्या वाक्यांची नोंद ठेवायची आणि काही महिन्यांनी विचारायचे की झाले काय. मंत्र्यांच्या आश्वासनांचा असा हिशेब ठेवणारी यंत्रणा त्या काळी अन्यत्र क्वचितच असेल. सचिवालयाचे प्रमुख महेश्वरनाथ कौल यांचा या साऱ्या बांधणीत मोठा हात होता. कोणती कल्पना कौलांची आणि कोणती मावळंकरांची, हे वेगळे काढण्याचा प्रयत्न येथे केलेला नाही.

सभासदांच्या वर्तनाचा प्रश्न १९५१ मध्ये मुदगल प्रकरणाने पुढे आला. हंगामी संसदेचे सभासद एच. जी. मुदगल यांनी मुंबईच्या सराफी व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन तिच्या हिताचे प्रश्न सभागृहात मांडले, असा आरोप होता. नेहरूंच्या ठरावावरून चौकशी समिती नेमली गेली. तिने वर्तन सभासदपदाला न शोभणारे ठरवले. हकालपट्टीचा ठराव चर्चेत असतानाच मुदगलांनी राजीनामा दिला. राजीनाम्याचा मजकूर अपराधात भरच घालणारा आहे, असे सभागृहाने मग नोंदवले.

राज्यसभेशी झालेले खटके या नोंदीत थोडक्यात देतो. १९५३ मध्ये प्राप्तिकर दुरुस्ती विधेयक धनविधेयक आहे की नाही, यावरून राज्यसभेत शंका निघाली. कायदामंत्री चारुचंद्र बिस्वास यांच्या उद्गारांमुळे सभापतींच्या दाखल्यावरच बोट ठेवले गेले, असे लोकसभेतील सभासदांना वाटले. दोन्ही सभागृहांत गरमागरमी झाली. नेहरूंनी मध्यस्थी करून ती शमवली. लोकलेखा समितीत राज्यसभेचे सभासद घेण्यावरूनही लोकसभेत कुरबूर होती. अखेर १९५४ पासून सात सभासद घेतले जाऊ लागले. त्याच वर्षी १४ मे रोजी कनिष्ठ सभागृहाचे नाव यापुढे ‘लोकसभा’ असे राहील, ही घोषणा मावळंकरांनी केली.

सरकारशी त्यांचा खरा मतभेद वटहुकमांवरून झाला. हंगामी संसदेच्या काळात अधिवेशन संपताच वटहुकूम निघत. १९५० मध्ये आणि पुन्हा १९५४ मध्ये मावळंकरांनी लेखी हरकत घेतली: वटहुकूम काढण्याची पद्धत मुळातच लोकशाहीविरोधी आहे, वटहुकूम समर्थनीय असो वा नसो, त्यांची संख्या वाढली की संसद केवळ शिक्का मारण्यापुरती आहे अशी भावना पसरते. नेहरूंनी तत्त्व मान्य केले आणि संसदेच्या कामकाजाला लागणाऱ्या विलंबाकडे बोट दाखवले. हा पत्रव्यवहार संसदीय कार्यपद्धतीच्या ग्रंथांत आजही उद्धृत होतो. ‘नेहरूंचा सभापती’ अशी त्यांची संभावना करणाऱ्यांनी तो वाचावा.

१८ डिसेंबर १९५४ रोजी त्यांच्याविरुद्धचा अविश्वास ठराव सभागृहापुढे आला. सभापतीला दूर करण्यासाठी लोकसभेत चर्चेला आलेला हा पहिलाच ठराव. तो विघ्नेश्वर मिश्र यांनी मांडला होता. उपसभापती अनंतशयनम अय्यंगार त्या वेळी अध्यक्षस्थानी होते. मुख्य आरोप पक्षपाताचा. नेहरूंनी आपल्या भाषणात ठरावाला तीव्र विरोध केला. ठराव फेटाळला गेला. आरोपांच्या गुणावगुणांबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. प्रचंड बहुमतापुढे मूठभर विरोधक असलेल्या सभागृहात नियमांवर नेमके बोट ठेवणारा सभापती सत्ताधाऱ्यांच्या सोयीचा वाटणे साहजिक होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

लेखन : मराठी घराण्यातले असूनही त्यांनी लिहिले गुजरातीत व इंग्रजीत. तुरुंगात भेटलेल्या कैद्यांच्या खऱ्या हकिकतींचे मानवताना झरणा हे पुस्तक विशेष वाचले गेले. गांधीजींच्या आठवणींचे संस्मरणो आणि वकिलीच्या दिवसांवरचे इंग्रजी पुस्तक ही इतर.

कौटुंबिक : पत्नी सुशीला, पुत्र पुरुषोत्तम.

१९५६ च्या आरंभी त्यांना हृदयविकाराचा झटका आला व २७ फेब्रुवारीस अहमदाबाद येथे त्यांचे निधन झाले. सभापतिपद अनंतशयनम अय्यंगार यांच्याकडे गेले. रिकाम्या जागेवर झालेल्या पोटनिवडणुकीत सुशीलाबाई बिनविरोध निवडून आल्या. सभापतीला पक्षांनी हयातीत न दिलेली सवलत त्याच्या पश्चात मिळाली, असे म्हणता येईल. राज्यशास्त्राचे अध्यापक असलेले पुरुषोत्तम मावळंकर १९७२ व १९७७ मध्ये गुजरातमधून लोकसभेवर निवडून आले. नेहरूंनी दादासाहेबांना ‘लोकसभेचे जनक’ म्हटल्याचे सांगितले जाते. नवी दिल्लीत रफी मार्गावरील एका सभागृहाला त्यांचे नाव आहे.

१९५१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेचे ते पहिले अध्यक्ष होते. त्यांच्या नावाची अखिल भारतीय नेमबाजी स्पर्धा दरवर्षी भरते व राष्ट्रीय स्पर्धेच्या पात्रतेसाठी ती धरली जाते. त्यामुळे त्यांचे नाव संसदेच्या अभ्यासकांपेक्षा आज नेमबाजांच्या तोंडी अधिक आहे.