'नाही' म्हणण्याची किंमत

शुक्रवारी संध्याकाळी बॅग भरत होतो, तेवढ्यात मॅनेजर डेस्कपाशी आला. "उद्या येशील ना रे?" तोंडातून आपसूक 'हो' निघालं. घराचा हप्ता डोक्यावर असला की 'नाही' म्हणायला जीभ रेटत नाही. घरी येताना बसमध्ये गबी ॲलन आठवला.

कोण हा? तर इंग्लंडचा फास्ट बोलर. जन्म सिडनीचा, १९०२ मधला. शिक्षण ईटन आणि केंब्रिजला. ॲलन 'अमॅच्युअर', म्हणजे हौशी. खेळायचे पैसे घ्यायचे नाहीत, पोटापाण्यासाठी लंडनमध्ये नोकरी आणि सवड मिळेल तसं क्रिकेट. १९२९ मध्ये लॉर्ड्सवर लँकेशायरविरुद्ध एका डावात ४० धावांत १० विकेट काढल्या पठ्ठ्याने!

त्या काळी इंग्लिश क्रिकेटमध्ये सरळसरळ दोन जाती होत्या. हौशी म्हणजे 'जंटलमन', पगारी म्हणजे 'प्लेयर'. बऱ्याच मैदानांवर दोघांची ड्रेसिंग रूम वेगळी, मैदानात उतरायचं फाटकसुद्धा वेगळं.

आता १९३२-३३ चा ऑस्ट्रेलिया दौरा. कॅप्टन डग्लस जार्डिन, हाही हौशीच (आणि जन्म आपल्या मुंबईचा!). ब्रॅडमनला रोखायला त्याने बॉडीलाइन काढली: लेगला फील्डर्सचा गराडा आणि बॉल अंगावर. ॲलनने असली बोलिंग टाकायला साफ नकार दिला. तरी तो पाचही टेस्ट खेळला, २१ विकेट्स घेतल्या.

हॅरॉल्ड लारवूडने मात्र ती टाकली. हा चौदाव्या वर्षी कोळशाच्या खाणीत कामाला लागलेला पगारी खेळाडू. ३३ विकेट्स, मालिका ४-१. त्याच्यावर कोणी बळजबरी केली असं मी म्हणणार नाही; त्या बोलिंगवर त्याचा विश्वास होता.

खरी गंमत पुढे आहे. गदारोळ झाल्यावर लारवूडला माफी मागायला सांगितलं गेलं. तो म्हणाला, नाही. कॅप्टनने सांगितलं तसं मी टाकलं, माफी कसली? झालं! अठ्ठाविसाव्या वर्षी खेळलेली सिडनीची टेस्ट त्याची शेवटची ठरली. हुकूम देणारा जार्डिन त्यानंतरही कॅप्टन राहिला; डिसेंबर १९३३ मध्ये मुंबईच्या जिमखान्यावर भारतातली पहिली टेस्ट झाली, तेव्हा इंग्लंडचा कॅप्टन तोच होता. ॲलन १९३६ मध्ये कॅप्टन झाला, पुढे १९८६ मध्ये 'सर'. लारवूड १९५० मध्ये बायकापोरांसह कायमचा ऑस्ट्रेलियाला गेला. ज्यांच्या अंगावर बॉल टाकले त्यांच्याच देशात!

ॲलनला नैतिकतेचे मार्क द्यायलाच हवेत. पण नकार देताना त्याची रोजीरोटी पणाला लागली नव्हती. लारवूडची लागली होती, आणि तरीही तो म्हणाला. नकार दोघांचाही, पण बिल एकालाच आलं.

इंग्लंडने हौशी-पगारी हा भेद १९६२ मध्ये कागदावरून काढून टाकला.

असो. शनिवारी गेलो होतो ऑफिसला. सहीसलामत परत आलो.