आतल्या पानाचा पत्ता

अजिंठ्याचे १ क्रमांकाचे लेणे सर्वांत जुने असणार, असे विद्यार्थी सहज धरून चालतात. प्रत्यक्षात ते पाचव्या शतकातले, वाकाटक काळातले आहे; ९ आणि १० ही लेणी त्याच्याही काही शतके आधीची, इसवी सनापूर्वीची. क्रमांक काळाचे नाहीतच. एका टोकाकडून चालत निघाल्यावर लेणी ज्या ओळीने लागतात, त्या ओळीने ते एकोणिसाव्या शतकात पडले. पुढे १५ च्या लगत एक लहानसे लेणे उजेडात आले, तेव्हा नंतरचे सगळे आकडे सरकवले नाहीत. नव्याला '१५-अ' म्हटले. २९ वे तर २० आणि २१ यांच्या मध्ये, उंचावर आहे! दिसायला हे ओबडधोबड खरे, पण जॉन ग्रिफिथ्स यांच्या १८९६ सालच्या ग्रंथातले 'लेणे १' आजही तेच लेणे आहे.

या पत्त्याने आपण थेट आतही जाऊ शकतो. 'लेणे १, मागची भिंत, गर्भगृहाकडे तोंड केल्यावर डावीकडे' एवढे सांगितले की पद्मपाणी सापडतो. लेण्यात शिरायला तिकीट लागते. असा उल्लेख पुस्तकात करायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही.

संगणकाच्या जागतिक जाळ्यात हीच सोय मुळापासून आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या प्रयोगशाळेत त्याची कल्पना मांडली. त्यात प्रत्येक पानाला स्वतःचा पत्ता असतो, आणि कुणीही त्या पत्त्याचा दुवा देऊ शकतो. पण संकेतस्थळाच्या मालकांना वाटू लागले, की वाचकाने मुखपृष्ठावरूनच आत यावे. जाहिराती तिथे असतात. स्कॉटलंडमध्ये 'शेटलंड टाइम्स'च्या आतल्या बातम्यांचे थेट दुवे 'शेटलंड न्यूज'ने दिले, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले. ऑक्टोबर १९९६ मध्ये तात्पुरती मनाई झाली. नोव्हेंबर १९९७ मध्ये तडजोड झाली, ती अशी, की दुवे द्यावेत, पण बातमी कुणाची ते स्पष्ट लिहावे. आमच्या मते न्याय याहून वेगळा होऊ शकला नसता.

भारतात शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे निघाली. त्यांनुसार प्रत्येक संकेतस्थळाने दुव्यांबाबतचे धोरण जाहीर करायचे असते. अनेक ठिकाणी ते असे आढळते: थेट दुवा देण्यास पूर्वपरवानगी नको, मात्र आम्हाला कळवावे, आमचे पान तुमच्या चौकटीत बसवून दाखवू नये. ही दुसरी अट आम्हाला रास्त वाटते. चित्र कुठे आहे ते सांगणे वेगळे, आणि ते आपल्या घरात टांगून दाखवणे वेगळे. काही संकेतस्थळे साध्या दुव्यासाठीही आधी परवानगी मागतात. त्याचे प्रयोजन आम्हाला उमगत नाही. पान खुले ठेवायचे नसेल, तर दाराला कुलूप लावण्याची सोय मालकाकडे आहेच.

खरी अडचण परवानगीहून मोठी आहे. संकेतस्थळाची नवी मांडणी झाली की आतल्या पानांचे पत्ते बदलतात आणि जुने दुवे निकामी होतात. पत्त्यात विभागाचे, गावाचे किंवा विषयाचे नाव गुंफलेले असले की ही पाळी लवकर येते, कारण नावे बदलतात. औरंगाबाद जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. लेण्यांच्या आकड्यांना त्याची झळ लागली नाही. पत्ते बदलू नयेत, असे बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच कळकळीने लिहिले होते.

तोवर शिक्षकांनी विद्यार्थ्यांना दुवा देताना त्यासोबत पानाचे शीर्षक, संस्थेचे नाव आणि पान पाहिल्याची तारीखही लिहून द्यावी. पत्ता बदलला, तरी एवढ्या खुणांवरून पान पुष्कळदा पुन्हा हाती लागते.