कायद्यात नसलेलं बाळ

थेरगावच्या डांगे चौकातल्या कुठल्याही सोनोग्राफी सेंटरमध्ये ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी असते. पाटीखालच्या बाकावर अठराव्या-विसाव्या आठवड्यातल्या बायका ॲनोमली स्कॅनसाठी नंबर लावून बसलेल्या असतात. पोटातल्या बाळाच्या हृदयात किंवा मेंदूत गंभीर दोष असेल, तर तो बहुधा इथेच पहिल्यांदा कळतो. 2021पर्यंत गर्भपाताची मुदतही विसाव्या आठवड्यालाच संपायची. रिपोर्ट हातात यायचा तेव्हा मुदत टळलेली असायची, आणि थेरगावच्या बाईला वकील गाठून मुंबईला उच्च न्यायालयात जावं लागायचं.

अशाच याचिकांवर न्या. अभय ओक आणि न्या. महेश सोनक यांनी 3 एप्रिल 2019 रोजी निकाल दिला. त्यात बाईचं नाव नाही, ‘एक्सवायझेड’ एवढंच आहे. गर्भपात करताना बाळ जिवंत जन्मलं तर त्याचं काय करायचं, या प्रश्नाचं स्पष्ट उत्तर मला आपल्याकडच्या कागदपत्रांपैकी या निकालात सापडतं. त्याआधीचे कागद लावून पाहिले की हे उत्तर यायला इतका काळ का लागला, तेही समजतं.

1964मध्ये केंद्राने महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली गर्भपाताच्या प्रश्नावर समिती नेमली. 1966च्या अखेरीस तिचा अहवाल आला, 1971मध्ये वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला आणि 1 एप्रिल 1972पासून तो लागू झाला. चोरून होणाऱ्या गर्भपातांत बायकांचे जीव जात होते, ते वाचवणं हा त्यामागचा मोठा हेतू होता. मूळ कायदा अवघ्या आठ कलमांचा होता. जिवंत जन्मलेल्या बाळाबद्दल त्यात एक शब्द नाही. तो नसणं तेव्हा साहजिक होतं. विसाव्या आठवड्यातलं बाळ जगवण्याचं कुठलंच साधन तेव्हा नव्हतं, आजही नाही.

संमतीचा ‘फॉर्म सी’ वाचावा. बाईचं नाव, वय, पत्ता, गर्भपात कुठे होणार ती जागा, खाली तारीख आणि सही किंवा अंगठा. सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही, आणि ही या कायद्याची मोठी देणगी आहे. बाळासाठी मात्र त्यात रकाना नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम 315मध्ये ते बाळ होतं, पण गुन्ह्याचा विषय म्हणून: मूल जिवंत जन्मू नये किंवा जन्मल्यावर मरावं म्हणून केलेल्या कृत्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा, आईचा जीव वाचवण्याचा अपवाद सोडून. त्याची काळजी कोणी घ्यायची, हे तिथेही लिहिलेलं नव्हतं.

पुढे नवजात शिशु अतिदक्षता कक्ष आले. किलोभर वजनाची, अठ्ठाविसाव्या आठवड्यातली बाळं काचेच्या पेटीत वाढू लागली. न्यायालयं विसाव्या आठवड्यानंतरही परवानगी देऊ लागली, तसा कोरा राहिलेला प्रश्न समोर उभा राहिला. 2019च्या निकालाने तो दोन पायऱ्यांत सोडवला. बाळ जिवंत जन्मलं, तर त्या परिस्थितीत शक्य असलेले उत्तम उपचार देण्याची पूर्ण जबाबदारी डॉक्टर आणि रुग्णालयाची. आईवडील सांभाळायला तयार नसतील किंवा त्यांची ऐपत नसेल, तर जबाबदारी सरकारची, 2015च्या बाल न्याय कायद्याला धरून. मला ही दुसरी पायरी जास्त मोलाची वाटते. अतिदक्षता कक्षाचं रोजचं बिल चाकणच्या कंत्राटी कामगाराने कुठून भरायचं, याचा विचार तिच्यात आहे.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात हाच प्रश्न 8 नोव्हेंबर 2022 रोजी मतपेटीत गेला. जिवंत जन्मलेल्या प्रत्येक बाळावर उपचार करणं सक्तीचं, न केल्यास वीस वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार डॉलरपर्यंत दंड, असा तो प्रस्ताव होता. तिथल्या डॉक्टरांनी विरोध केला. काही तासांचंच आयुष्य असलेलं बाळ आईच्या कुशीतून काढून नळ्या लावायला आम्हाला भाग पडेल, ही त्यांची भीती होती. सुमारे साडेबावन्न टक्के मतदारांनी प्रस्ताव नाकारला. आपल्या निकालातले ‘त्या परिस्थितीत’ हे शब्द अशाच बाळासाठी जागा ठेवतात, असं माझं वाचन आहे.

2021च्या दुरुस्तीने ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी मुदत चोवीस आठवड्यांवर नेली. गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने त्यापुढेही परवानगी मिळते. जिवंत जन्माबद्दल दुरुस्तीतही काही नाही. जून 2023मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे पंधरा वर्षांच्या मुलीचं प्रकरण आलं. गर्भ अठ्ठावीस आठवड्यांचा होता. आता गर्भपात केला तरी बाळ जिवंतच जन्मेल, असं वैद्यकीय मंडळाने कळवलं आणि न्यायालयाने परवानगी नाकारली. बाळाच्या जगण्याची शक्यता इथे त्या मुलीच्या विरोधात गेली. 2019च्या निकालात ती कोणाच्याही विरोधात नव्हती. आधी आईचा निर्णय ऐकायचा आणि मग जे जन्मेल त्याला सांभाळायचं, असा तो क्रम होता, आणि मला तोच न्यायाचा वाटतो.

बाल न्याय कायद्याच्या कलम 35नुसार, बाळ बालकल्याण समितीकडे सोपवणाऱ्या आईवडिलांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. स्कॅनच्या बाकावर बसलेल्या बाईला हे कोणी सांगत नाही, आणि ‘फॉर्म सी’वरही ते छापलेलं नाही.