ट्विस्टेड सिस्टर : एका अमेरिकन ग्लॅम मेटल बँडची कारकीर्द आणि तिची कागदपत्रे

प्रास्ताविक

१९ सप्टेंबर १९८५ रोजी अमेरिकन सिनेटच्या वाणिज्य, विज्ञान व परिवहन समितीसमोर तीस वर्षांचा एक रॉक गायक साक्ष देण्यास आला. खांद्यांवर पसरलेले कुरळे केस, बाह्या नसलेले डेनिमचे जाकीट आणि पँटच्या मागच्या खिशात घडी घालून ठेवलेले निवेदन, अशा अवतारातील या गायकाचे नाव डी स्नायडर. त्याचा बँड ट्विस्टेड सिस्टर. त्या दिवशीचे कामकाज शासकीय मुद्रणालयाने शब्दशः छापले आणि ते आजही अभ्यासकांना उपलब्ध आहे. मात्र या बँडने त्यापूर्वी सुमारे दहा वर्षे न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि कनेक्टिकटच्या क्लबांतून हजारोंच्या घरात जे कार्यक्रम केले, त्यांची अशी कोणतीही अधिकृत नोंद नाही. ज्या काळात बँड घडला तो काळ कागदावर उमटला नाही आणि एक दुपार मात्र अक्षरशः जतन झाली. लोकप्रिय संगीताचा इतिहास लिहिताना साधनांची ही विषमता आपल्या निष्कर्षांना कशी वळण देते, हे एका बँडच्या कारकीर्दीच्या आधारे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

महाविद्यालयीन वर्तुळात हा विषय काहीसा उपरा वाटेल, याची प्रस्तुत लेखकास जाणीव आहे. परंतु राज्यसंस्था, बाजारपेठ आणि कलावंत यांच्या संबंधांचे इतके उघडेवाघडे उदाहरण क्वचितच सापडते.

क्लबांचे दशक

ग्लॅम मेटल म्हटले की सामान्यतः लॉस एंजेलिस आणि १९८०चे दशक आठवते. मॉटली क्रू, रॅट, पॉयझन हे बँड त्या शहराशी निगडित आहेत. ट्विस्टेड सिस्टर मात्र त्यांच्यापेक्षा जुना आणि पूर्व किनाऱ्यावरचा. त्याची स्थापना १९७३ सालची. डेव्हिड बोवी आणि न्यूयॉर्क डॉल्स यांच्या प्रभावाखाली पुरुष कलावंतांनी रंगरंगोटी करून, स्त्रीवेशाचे अंश अंगावर घेऊन रंगमंचावर येण्याची जी लाट तेव्हा उसळली होती, तिच्यातून हा बँड जन्मला. गिटारवादक जे जे फ्रेंच हा आरंभापासूनचा सदस्य व पुढे बँडचा व्यवस्थापक. स्नायडर १९७६ मध्ये आला. गिटारवादक एडी ओहेडा, बासवादक मार्क मेंडोझा आणि १९८२ मध्ये आलेला ढोलवादक ए. जे. पेरो यांच्यासह बँडचे परिचित रूप पूर्ण झाले.

या काळाचा आर्थिक पाया समजून घेणे आवश्यक आहे. १९७०च्या दशकात न्यूयॉर्क व न्यू जर्सीत वयाच्या अठराव्या वर्षी मद्य विकत घेता येई. त्यामुळे शाळा नुकतीच संपवलेला, हाती थोडा पैसा असलेला तरुणवर्ग क्लबांकडे लोटत असे. लाँग आयलंडवरील हॅमरहेड्स किंवा न्यू जर्सीतील फाउंटन कॅसिनो यांसारख्या ठिकाणी जमणारी गर्दी छोट्या गुत्त्याची नव्हे, तर एखाद्या मोठ्या नाट्यगृहाची असे. आठवड्यातून पाच-सहा रात्री, एकेका रात्री अनेक फेऱ्या, असा हा व्यवसाय होता. संगीतकाराचे मोल येथे ध्वनिमुद्रिकेवर ठरत नसे. किती लोक आत आले आणि बारवर किती विक्री झाली, यावर ते ठरे.

अशा प्रेक्षकाला ताब्यात ठेवण्यासाठी स्नायडरने एक तंत्र विकसित केले. गाणे मध्येच थांबवून तो प्रेक्षकांतील एखाद्या निश्चल बसलेल्या माणसाला हेरी, त्याच्याशी जाहीर वाद घाली आणि सारे सभागृह आपल्या बाजूस वळवी. ओठांना लाल रंग लावलेला, सहा फुटांहून उंच पुरुष शिवराळ भाषेत आव्हान देत आहे, हे दृश्य मोहक नव्हते आणि ते मोहक असावे असा हेतूही नव्हता. इतर ग्लॅम बँडांनी सौंदर्याचा आभास निर्माण केला, तर यांनी त्या आभासाचे विद्रूपीकरण केले. गमतीचा भाग असा की, रंगमंचावर इतका बेफाम दिसणारा स्नायडर मद्य वा अमली पदार्थांना स्पर्शही करीत नसे. बँड ही शिस्तीने चालवायची संस्था आहे, अशी फ्रेंचचीही धारणा होती.

१९७९ मध्ये कोणत्याही ध्वनिमुद्रण कंपनीशी करार नसताना या बँडने न्यूयॉर्कमधील सुमारे तीन हजार आसनांच्या पॅलेडियम नाट्यगृहाची सर्व तिकिटे विकली. तरीही कंपन्यांचे दार उघडले नाही. अखेर पहिला अल्बम ‘अंडर द ब्लेड’ १९८२ मध्ये सीक्रेट रेकॉर्ड्स या छोट्या ब्रिटिश कंपनीने काढला. त्याच वर्षी ‘द ट्यूब’ या ब्रिटिश दूरचित्रवाणी कार्यक्रमात बँड झळकला आणि अटलांटिक या अमेरिकन कंपनीतर्फे फिल कार्सन यांनी त्याला करारबद्ध केले. न्यूयॉर्कच्या वेशीवर दशकभर वाजवणाऱ्या मंडळींना न्यूयॉर्कमधील कंपनी लंडनमार्गे सापडली!

एम. टी. व्ही. आणि यशाचे वर्ष

‘यू कान्ट स्टॉप रॉक ‘एन’ रोल’ (१९८३) या अल्बमनंतर मे १९८४ मध्ये ‘स्टे हंग्री’ आला. निर्माता टॉम वर्मन यांच्याशी बँडचे फारसे पटले नाही. हा असंतोष इतका टिकला की, वीस वर्षांनी, २००४ मध्ये, बँडने तो संपूर्ण अल्बम ‘स्टिल हंग्री’ या नावाने पुन्हा ध्वनिमुद्रित केला. बाजाराचा निवाडा मात्र वर्मन यांच्या बाजूचा होता. ‘बिलबोर्ड’च्या अल्बम यादीत ‘स्टे हंग्री’ पंधराव्या स्थानापर्यंत गेला आणि अमेरिकेतील त्याची विक्री पुढे तीस लाखांवर प्रमाणित झाली. ‘वुई आर नॉट गोना टेक इट’ हे गीत एकेरी गीतांच्या यादीत एकविसाव्या स्थानी पोहोचले.

या यशात १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झालेल्या एम. टी. व्ही. वाहिनीचा वाटा निर्णायक होता. मार्टी कॅलनर यांनी दिग्दर्शित केलेल्या चित्रफितीत एक खेकसणारा बाप आपल्या मुलाला झापतो आणि मग बँडच्या मागे लागून स्वतःच पुनःपुन्हा आपटतो. ‘आय वाना रॉक’च्या चित्रफितीत तोच अभिनेता, मार्क मेटकाफ, शिक्षकाच्या भूमिकेत आहे. सारा मामला व्यंगपटातल्या मारामारीसारखा. तथापि, क्लबातील एकविसाव्या वर्षाच्या आतबाहेरचा प्रेक्षक आणि घरी दिवाणखान्यात बसलेला बारा वर्षांचा प्रेक्षक हे एक नव्हते. बँडने जे तंत्र पहिल्यासाठी घडवले, ते आता दुसऱ्याच्या, आणि म्हणून त्याच्या पालकांच्याही, नजरेसमोर आले.

सिनेटमधील दुपार

‘पॅरेंट्स म्युझिक रिसोर्स सेंटर’ ही संस्था १९८५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये स्थापन झाली. टिपर गोर आणि सुझन बेकर या तिच्या प्रमुख संस्थापकांपैकी होत्या. पहिल्या सिनेटर अल गोर यांच्या पत्नी, तर दुसऱ्या अर्थमंत्री जेम्स बेकर यांच्या. संस्थेने आक्षेपार्ह ठरवलेल्या पंधरा गीतांच्या यादीत ‘वुई आर नॉट गोना टेक इट’ हिंसेच्या सदराखाली होते. सुनावणीचे अध्यक्ष जॉन डॅनफोर्थ यांनी कायदा करण्याचा हेतू नसल्याचे आरंभीच सांगितले. पण समितीत अल गोर स्वतः बसले होते, हे लक्षात घेता त्या विधानाचे वजन वाचकाने स्वतःच ठरवावे.

संगीतकारांपैकी फ्रँक झॅपा, जॉन डेन्व्हर आणि स्नायडर यांच्या साक्षी झाल्या. स्नायडरने आरंभी आपण विवाहित, एका मुलाचे वडील, ख्रिस्ती आणि निर्व्यसनी असल्याचे नोंदवले आणि मग तीन आरोपांना एकेक करून उत्तर दिले. ‘अंडर द ब्लेड’ या गीतात लैंगिक क्रौर्य असल्याचे टिपर गोर यांचे म्हणणे होते. ते गीत ओहेडाच्या घशावरील शस्त्रक्रियेच्या भीतीतून सुचले, असे स्नायडरने सांगितले. श्रोता आपली कल्पना गीतात ओतू शकतो आणि जे शोधायला तो निघतो तेच त्याला सापडते, असा त्याच्या युक्तिवादाचा आशय होता. दुसऱ्या गीताच्या शब्दांत हिंसा नाही आणि चित्रफीत व्यंगपटांच्या धर्तीवर आहे, हे त्याचे दुसरे उत्तर. बेड्या घातलेल्या स्त्रीचे चित्र असलेला टी-शर्ट बँडने कधी विकलाच नाही, हे तिसरे.

वादाच्या पातळीवर स्नायडर जिंकला, असे इतिवृत्त वाचणाऱ्या बहुतेकांना वाटेल. क्लबातील अबोल माणसाशी भांडून कमावलेले कसब त्याच्या उपयोगी पडले, असे म्हणण्याचा मोह होतो. प्रत्यक्ष परिणाम निराळा झाला. १ नोव्हेंबर १९८५ रोजी ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने इशारावजा लेबलाची पद्धत मान्य केली आणि १९९० मध्ये त्या लेबलाला एकसारखे रूप मिळाले. रिकाम्या कॅसेटवरील कराचे प्रलंबित विधेयक पदरात पाडून घेण्यासाठी उद्योग नमते घेत आहे, हा आरोप झॅपाने त्याच सुनावणीत केला होता.

उतरंड आणि कारणमीमांसा

सुनावणीने ट्विस्टेड सिस्टरला संपवले, असे पुष्कळदा ऐकू येते. कालक्रम त्या समजुतीस पोषक आहे. नोव्हेंबर १९८५ मधील ‘कम आउट अँड प्ले’ हा अल्बम पन्नासाव्या स्थानाच्याही खाली अडकला. दौऱ्यात सभागृहे रिकामी राहिली. पेरो १९८६ मध्ये बाहेर पडला. १९८७ चा ‘लव्ह इज फॉर सकर्स’ मुळात स्नायडरचा स्वतंत्र अल्बम म्हणून सुरू झाला होता, आणि त्याच वर्षी स्नायडरने बँड सोडला.

परंतु एका घटनेमागून दुसरी आली म्हणजे पहिली तिचे कारण ठरत नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला सांगावे लागू नये. पंधरा गीतांच्या त्या यादीत मॅडोना आणि प्रिन्सही होते. त्यांचे काय बिघडले? प्रस्तुत लेखकाच्या मते कारणे अन्यत्र शोधली पाहिजेत. नव्या अल्बममधून पहिले गीत म्हणून १९६०च्या दशकातील मुलींच्या गायनसमूहाचे ‘लीडर ऑफ द पॅक’ निवडले गेले आणि जुना मेटल श्रोता दुरावला. एम. टी. व्ही.ने दिलेला बालप्रेक्षक चंचल होता. आणि तिसरे, बहुधा सर्वांत खोल कारण असे की, परतण्यासाठी मागे काही उरले नव्हते. न्यू जर्सीने मद्यपानाचे किमान वय १९८३ मध्ये एकवीस केले, १९८४ मध्ये संघराज्याचा कायदा आला आणि न्यूयॉर्कने डिसेंबर १९८५ मध्ये त्याचे अनुकरण केले. अठरा ते वीस वयाचा प्रेक्षक कायद्याने बाहेर गेला आणि मोठ्या क्लबांचे अर्थकारण कोसळले. ज्या सिनेटच्या इतिवृत्ताकडे आपण धावतो, त्याच्यापेक्षा रस्ते-अपघात कमी करण्यासाठी केलेल्या या कायद्यांनी त्या संगीतव्यवहाराचे अधिक नुकसान केले असावे. पण त्यांत बँडचे नाव नाही. म्हणून संगीताच्या इतिहासात ते सहसा येत नाहीत.

क्लबांच्या काळाची ही उणीव काही अंशी उशिरा भरून निघाली. अँड्र्यू हॉर्न यांचा २०१४ चा अनुबोधपट दोन तासांहून अधिक काळ केवळ त्याच दशकावर बोलतो आणि प्रसिद्धी जेथे सुरू होते तेथे थांबतो. त्याची मुख्य साधने म्हणजे सहभागी मंडळींच्या आठवणी आणि त्यांनी जपलेली चित्रणे. स्नायडर (२०१२) आणि फ्रेंच (२०२१) यांची पुस्तकेही आली. अर्थात ही सारी विजेत्यांची स्मरणे आहेत. त्याच क्लबांत वाजवून ज्यांना करार कधीच मिळाला नाही, त्यांची बाजू त्यांत नाही.

गीताचे उत्तरायुष्य

न्यूयॉर्कवरील हल्ल्यानंतर नोव्हेंबर २००१ मध्ये मदतनिधीच्या कार्यक्रमासाठी बँड पुन्हा एकत्र आला. मार्च २०१५ मध्ये पेरोचे निधन झाले आणि १२ नोव्हेंबर २०१६ रोजी मेक्सिकोतील माँतेरे येथे निरोपाच्या दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम झाला. गीत मात्र बँडच्या ताब्यात राहिले नव्हते. २०१२ मध्ये रिपब्लिकन उमेदवार पॉल रायन यांनी ते वापरले तेव्हा स्नायडरने जाहीर विरोध केला. ऑस्ट्रेलियातील उद्योजक क्लाइव्ह पामर यांनी २०१९ च्या निवडणुकीत त्याची फिरवलेली आवृत्ती परवान्याशिवाय वापरली. हक्कधारक युनिव्हर्सल कंपनीने खटला भरला आणि २०२१ मध्ये संघीय न्यायालयाने १५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई ठरवली. या गीताची चाल एका जुन्या नाताळगीताशी जुळते, हे स्नायडरने पूर्वीच मान्य केले होते आणि २००६ च्या नाताळच्या अल्बममध्ये बँडने त्याचा खेळही केला होता. पामर यांनी बचावात तेच नाताळगीत पुढे केले. हिंसक म्हणून यादीत गेलेले गीत चर्चमधील समूहगानावर बेतलेले निघावे, हे १९८५ च्या समितीला कळले असते तर कामकाज अधिक रंजक झाले असते.

पामर खटल्यातही स्नायडरने साक्ष दिली. १९८५ मध्ये श्रोत्याच्या कल्पनास्वातंत्र्याचा दाखला देणारा हाच माणूस आता गीताच्या वापराला मर्यादा मागत होता. यात विसंगती आहे, असे म्हणता येईल. पण अर्थ लावणे आणि विनापरवाना जाहिरात करणे या दोन गोष्टी कायद्यात तरी भिन्न आहेत. २०१८ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील शाळाशिक्षकांनी वेतनासाठी संप पुकारला, तेव्हा राज्याच्या विधिमंडळ इमारतीत जमलेल्या शिक्षकांनीही हेच गीत एकसुरात गायले. बँडच्या चित्रफितीत शिक्षक हा खलनायक होता. संपकऱ्यांना पाच टक्के वेतनवाढ मिळाली. स्नायडरने शिक्षकांना उघड पाठिंबा दिला होता.